साडेसहाची घंटा

खरं सांगा मॅडम, तुमाले हेडमास्तरांनी पाठवलं, का उत्तमरावनं? — नाई नाई, रागावू नका, बसा ना, ही खुर्ची घ्या, त्या खुर्चीचा पाय हलते — मी आपलं विचारलं. आमच्या गल्लीत बाहेरचं माणूस उगाच येत नाई. मतं मागणारे येतात ते पाच वर्षांनी, गोळ्या वाटणारी नर्सबाई येते ती मंगळवारी, अन् आज गुरुवार. मग तुमी कोण? — युनिव्हर्सिटीच्या. हैदराबादच्या. कार्ड दाखवा बरं. विश्वास हाये हो, पण पाहायले काय जाते — प्रतिभा. फोटोत केस मोठे हायेत, मग कापले काऊन? — बरं बरं. अन् हैदराबादची बाई इतकं चांगलं मराठी कशी बोलते? — किनवटचं माहेर! असं आधी सांगायचं ना. किनवट म्हणजे आमचंच, माझी मावसबहीण दिली तिथं. तो मोबाईल मात्र उलटा ठेवा. आवाज भरून घेत नाई म्हणता, पण मले लाल दिवा दिसून राह्यला. — चार्जिंगचा असेल. असू द्या, उलटाच ठेवा.

लिहा, मनकर्णा. नवऱ्याचं नाव नागसेन, आदिलाबादले दफ्तरात कारकून, आठच्या बसनं येतात. माझं शिक्षण दहावी, पास — पास लिहा, लोक नुसतं दहावी लिहितात अन् मग वाचणाऱ्याले वाटते नापास असेल. मुलगी एक, अर्पिता, यंदा दहावीले. शाळा सुटल्यावर काय करते? — आता हे कायले पाह्यजे तुमाले? शाळेत काय करते ते विचारा, ते सरकारचं. शाळा सुटली की पोरगी घरची. तुमच्या कागदावर तर रकानेच पाडलेत — गृहपाठ, शिकवणी, खेळ, टीव्ही-मोबाईल, घरकाम, मजुरी, इतर. मजुरी कायले टाकली? कापूस वेचायले पाठवतो का पोरीले, हे काढायचं हाये ना? नाई पाठवत. माझे सासरे बाबाराव, ते त्या मोठ्या जमिनीवाल्या माणिकरावच्या शेतात राबले, माझी सासू राबली, म्हणूनच त्यांनी ठरवलं होतं की या घरातलं पोरगं शाळा सुटल्यावर रानात दिसणार नाई. तिथं शून्य लिहा. मोठं शून्य.

टाइम मी तुमाले घड्याळावर सांगते, लिहून घ्या. साडेचारले शाळा सुटते, पाचले घरी. चहा. पाच ते साडेपाच भांडी, पाणी — घरकाम, अर्धा तास. मग हातपाय धुणे. अन् साडेसहाले घंटा. — कोणती घंटा म्हणजे? तुमी विहारावरून नाई का आल्या? कडूनिंबाले रेल्वे रुळाचा तुकडा टांगलेला नाई पाह्यला? माझ्या सासऱ्यानं आणलेला, एका गँगमनले मागून, बैलगाडीत घालून. रोज संध्याकाळी साडेसहाले ते त्याच्यावर सात टोले द्यायचे. सात टोले पडले की गल्लीतले टीव्ही बंद. घरात पाहुणा असो का मॅच असो. अन् पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी पोरं दप्तर घेऊन विहारात, आठ वाजेपर्यंत. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगानं लिहून ठेवलं, ‘तोंड बंद, पुस्तक उघडं.’ बोलायचं नाई, कुजबुजायचं नाई, दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाई. ते गेले त्याले नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घंटा माझ्याकडे. नऊ वर्षांत एक दिवस चुकली नाई मॅडम — ताप होता तरी शाल घेऊन गेली, दीर वारला त्या दिवशीही वाजवली, लोकांनी नावं ठेवली तरी वाजवली. अन् याचं फळ मोजा ना तुमी, तुमाले मोजायचंच हाये तर! या एका गल्लीतून सहा मास्तर, चार कारकून, एक पोस्टमन, अन् एक पोरगी नर्स. माणिकरावची एवढी जमीन हाये, त्यांच्या गल्लीतून काढून दाखवा.

काय म्हणता? — कोरियात? कोरियातली पोरं शाळा सुटल्यावर दहा वाजेपर्यंत क्लासमध्ये? पाहा, मी म्हटलं नाई! तिकडं कोणाची तरी घंटा असेल. — अन् दुसरीकडं? फिन... काय? फिनलंड. तिथली दोन वाजता घरी येऊन बर्फात खेळतात. मग ते नापास होत असतील. — नाई होत? त्यांचेही मार्क चांगले? दोघांचेही? हे कसं होईल बाप्पा. एक तर तुमचं मोजायचं चुकलं, नाई तर कोणी तरी लपवून राह्यलं. घरोघरी विचारलं की लोक चांगलं तेच सांगतात ना. मीच नाई का — नाई, मी खरं सांगून राह्यली. मी म्हणते लोकांचं. आमच्या इथं पाहा, वरच्या गुड्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंडांची पोरं संध्याकाळी ढोरं घेऊन येतात, तांड्यावरच्या पोरी पाणी भरतात, आदिलाबादच्या तेलुगू पोरांच्या दोन-दोन ट्यूशना. कोणाचं किती डोकं चालते हे तासावरून कसं कळंल? — तेच शोधून राह्यल्या? मग शोधा. पण आमच्या दारात कायले शोधता, आमचं तर सगळं उघडं हाये — ते रजिस्टर नका घेऊ! ठेवा ते खाली. ते विहाराचं हाये. हाजिरीचं. बाहेरच्या माणसानं पाहायचं नसते.

पाह्यलंच ना. मग पाहा. सगळ्यांची नावं हायेत, कोण आलं, कोण नाई, एक दिवस रिकामा नाई. प्रज्वलच्या नावावर लाल रेघ हाये, ती मी मारली. उत्तमरावचा पोरगा. मोठा लाडाचा. मागच्या पावसाळ्यात चाचणीले कॉपी करताना सापडला, अन् विहारात बसून मोबाईल पुस्तकात ठेवायचा. मी सगळ्यांपुढं उभं केलं अन् नाव काटलं. उत्तमराव आला इथं दारात, हेच दार, म्हणे, ‘मनकर्णावहिनी, आज माझ्या घरातलं उघड्यावर आणलं. उद्या तुमच्या घरातली सापडली तर?’ मी काय म्हणावं? मी म्हटलं, भाऊजी, माझ्या घरातली सापडली तर तक्रारीची पहिली दरखास्त माझ्या हातची राहील. सगळी गल्ली ऐकून राह्यली होती. भागाबाई, शेजारची, ती तर वाहवा करून राह्यली होती. — झालं, बोलून गेली. माणूस बोलून जाते.

अर्पिताच्या नावापुढं? ‘ह’ हाये ना रोज? मग हजर. तुमाले शंका काऊन आली? — काय, वही? कसली वही? अर्पितानं लिहिलेली? थांबा, थांबा. तुमी शाळेत सगळ्या वर्गाले वह्या दिल्या, तीन आठवडे रोज शाळेबाहेर काय केलं ते लिहा म्हटलं, अन् मायबापाले सांगतलं नाई? — चिठ्ठी पाठवली होती? माझ्यापर्यंत नाई आली. सही हाये? दाखवा. ही सही आमच्या ह्यांची. हे घ्या! दोघं बाप-लेक मिळून. माणसाले वाटते घर आपलं हाये... मराठीत लिहिलं का तिनं? ज्याले जी येते त्या भाषेत लिहा म्हटलं होतं — अन् तिनं मराठीत लिहिलं. सातवीपर्यंत मराठी शाळेत होती ना ती. आठवीपासून मराठी नाई इथं, तेलुगूत टाकावं लागलं. मले वाटलं विसरली असेल. अक्षर अजून तसंच हाये, पाहा, ‘ळ’ किती सुंदर काढते.

वाचा. नाई, सगळं नाई. पाच वाजताचं वाचा. — ‘चहा, भांडी.’ हां. बरोबर. ‘आईने निवडलेली ज्वारी भरून ठेवली.’ बरोबर हाये, ते कामही तिचंच. पुढं — नाई. बस्स. पुढचं साडेसहाचं हाये ना? ते नका वाचू. आता साडेसहाले ती विहारात असते, त्याच्यात वाचायचं काय. रजिस्टरमध्ये हायेच.

तुमी ते रजिस्टर अन् वही शेजारी-शेजारी काऊन ठेवली मॅडम? तारखा जुळवता? — बरं. तो ‘ह’ मी लिहिते. रोज मीच लिहिते. डिसेंबरपासून ती विहारात येतच नाई. घ्या. लिहायचं तर लिहा, नाव नका टाकू. सगळ्या गल्लीच्या पोरांची हाजिरी घेणारी मी, अन् माझी पोरगी नाई. भागाबाईले सांगतलं, दहावीची हाये, घरीच वाचते. काय करू? पहिले म्हणे डोकं दुखते. मग म्हणे माणिकरावच्या सुनेच्या, कुसुमबाईच्या मयूरीसोबत अभ्यास करते, दोघी एकाच वर्गात हायेत. मले बरं वाटलं, माणिकरावच्या घरी आपली पोरगी पुस्तक घेऊन बसते, सासरे असते तर हसले असते. पण मी अशी हाये ना — मले कोणाचं ऐकून गप्प राहवत नाई. गिरणीवर कुसुमबाई भेटली. म्हटलं, आमची पोरगी तुमाले त्रास तर नाई देत रोज? कुसुमबाई म्हणे, ‘कोण, अर्पिता? ती तर दिवाळीपासून आमच्या उंबऱ्यावर नाई आली वं माय.’ दळण डोक्यावर घेतलं अन् घरी आली.

तुमाले पोरगी हाये का? नाई ना. मग तुमाले ओढणीचं नाई कळणार. रात्री ती झोपली की मी ओढणी हुंगायची. हो, मी. हसू नका. माय असून हुंगायची. अन् ओढणीले तळणाचा वास. रोज. मिरची भज्याचा. आमच्या गावात संध्याकाळी भजी निघतात एकाच ठिकाणी, वर रोडवर, बस थांबते तिथं, पोशक्काच्या हॉटेलात. पोशक्का म्हणजे तेलुगू बाई, एकटी, जाडजूड, तोंडाची फटकळ, सहीच्या जागी अंगठा. तिथं लॉऱ्या थांबतात, ड्रायव्हर लोक. तिथं कोण खाऊ घालते हिले भजी? मग एक दिवस घंटा वाजवली, रजिस्टर भागाबाईच्या हातात दिलं, अन् गेली. पेट्रोल पंपाच्या भिंतीआड उभी राह्यली चोरासारखी. पाह्यलं — बाकड्यावर अर्पिता. हातवारे करकरून बोलून राह्यली. माझी पोरगी मॅडम, जी घरात दोन शब्दांच्या वर बोलत नाई! अन् समोर पोशक्का झारा घेऊन, अन् बाजूले चहा पीत दौलत, हसून राह्यला मोठ्यानं. दौलत म्हणजे शाळेचा शिपाई. शाळेच्या किल्ल्या त्याच्याकडे. कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडे. लॉऱ्यांच्या आवाजात ऐकू काही आलं नाई. मी परत आली. घरी विचारलं, कुठं होती? ‘मयूरीकडं.’ बस्स. मीही पुढं काही बोलली नाई. का नाई विचारलं? — विचारलं असतं अन् तिनं खरं सांगतलं असतं तर?

अन् मग मार्क आले. आधी सहामाहीले गणितात ऐंशीपैकी एकोणीस होते. एकोणीस, मॅडम! तवा ती रोज विहारात होती, माझ्या डोळ्यांपुढं, दीड तास तोंड बंद, पुस्तक उघडं. अन् आता बोर्डाच्या आधीची प्री-फायनल झाली, त्यात चौसष्ट. विहार सोडला अन् चौसष्ट! तुमी सांगा, तुमचा तर धंदाच हा हाये, असं कुठं होते का? कोरियात होते का? मायले आनंद व्हायले पाह्यजे का नाई? मी जोडत गेली — दौलत. किल्ली. प्री-फायनलचे पेपर दोन दिवस आधी येतात, कपाटात राह्यतात. भजी. हसणं. चौसष्ट. पाहा ना कसं बरोब्बर बसते ते. तुमीही असंच जोडलं असतं. — नसतं जोडलं? तुमी शिकलेल्या, तुमाले काय.

मग मी दरखास्त लिहिली. चांगल्या कागदावर, समास सोडून. ‘माझी मुलगी कु. अर्पिता हिला गणित विषयात मिळालेल्या गुणांबद्दल मला शंका आहे, तरी चौकशी व्हावी.’ हेडमास्तरांच्या हातात दिली. ते वाचून माझ्याकडे पाहतच राह्यले, म्हणे, ‘अम्मा, स्वतःच्या पोरीविरुद्ध कोणी देते का?’ मी म्हटलं, सर, मी शब्द दिला होता. फक्त माझं नाव तिले सांगू नका. त्यांनी सांगतलं नाई. चांगला माणूस. पण ते तरी काय करतील, कागद आला म्हणजे आला. शाळेतून पाच पोरांचा खास क्लास निघते, बासरच्या युनिव्हर्सिटीसाठी. तिथं दहावीच्या मार्कांवर घेतात ना, अन् एकदा घेतलं की इंजिनियर होऊनच बाहेर. आमच्या गल्लीतून बासरले अजून कोणी गेलं नाई. अर्पिता पाचवी हाये यादीत. आता उद्या सकाळी आठ वाजता, शाळा भरायच्या आधी, तिनं एकटीनं हेडमास्तरांपुढं बसून दुसरा पेपर लिहायचा, चाळीस मार्कांचा. तीसच्या वर पडले तर नाव राहील. कमी पडले तर नाव कटलं, अन् सहावा नंबर कोणाचा हाये माहीत हाये का? प्रज्वलचा. म्हणून मी म्हटलं, उत्तमरावनं पाठवलं का तुमाले. म्हटलं, मनकर्णाच्या घरचं काय शिजून राह्यलं ते पाहायले.

काल संध्याकाळी मी ज्वारी निवडून राह्यली होती. ती आली, समोर बसली. म्हणे, ‘आई, कोणी तरी माझ्याविरुद्ध लिहून दिलं. कोण असेल वं?’ मी सुपातून मान वर नाई काढली. म्हटलं, ‘असतात लोक जळणारे.’ — असं म्हटलं मी. माझ्या तोंडानं. ती म्हणे, उत्तमकाका असेल. मी म्हटलं, असेल.

चहा थंडा झाला तुमचा. दुसरा ठेवू का? — नको? मग वाचा आता. साडेसहाचं. आता काय राह्यलं माझ्याकडं झाकायचं.

काय? पुन्हा वाचा. ‘रकाना: इतर. गणित बोलणे.’ गणित बोलणे? हे काय असते? गणित करतात, बोलतात का? — पुढं वाचा. ‘आज पाण्याच्या टाकीचे गणित. एक नळ दुसऱ्यापेक्षा दहा तास जास्त घेतो. मी तेलुगूत वाचून दाखवले. पोशक्का म्हणाली, अंटे? मला सांगता आले नाही. उद्या पुन्हा.’ अंटे म्हणजे तेलुगूत ‘म्हणजे काय’ — ठाऊक हाये मले, बाजारात ऐकून. पोशक्काले काय करायचं टाकीचं? तिले आकडे नाई समजत, ती तर भज्यांच्या प्लेटाही चुन्याच्या रेघा मारून मोजते — वाचा, वाचा. ‘पोशक्का म्हणाली, टाकीला भोक आहे तर लोक आधी भोक का बुजवत नाहीत? दौलतमामा खूप हसले. मग मी भोक नाही, दुसरा नळ आहे, हे समजावले. समजावताना मलाच समजले.’ — एक मिनिट थांबा, मॅडम. — वाचा. ‘आज नावेचे गणित. प्रवाहाच्या उलट. पोशक्का म्हणाली, बिड्डा (पोरी), गोदावरीत उलटं कोण जाईल, तो माणूस पिलेला असेल. मग वेग म्हणजे काय ते तिला बसच्या वेगावरून सांगितले. तीन वेळा अंटे म्हणाली. चौथ्यांदा नाही म्हणाली. एक मिरची दिली.’ मिरची. म्हणजे ते भजं — गणित आलं की एक मिरची?

नाई मॅडम, मी अशी लगेच नाई मानणार. हे तिनंच लिहिलं ना? तिले ठाऊक होतं कोणी तरी वाचणार. — तारीख काय? जानेवारीची. तवा माझी दरखास्त नव्हती. प्री-फायनलचे मार्कही नव्हते. हं. अन् असं लिहायले तिले काय गरज... तुमी म्हणता असं कुठं कुठं पाह्यलं तुमी? दुसऱ्याले समजावलं की स्वतःले समजते? मग ते विहारात काऊन नाई समजत? — तिनं लिहिलं हाये? त्याचंही? वाचा. सगळं वाचा, गाळू नका, तुमी काही तरी गाळून राह्यल्या. — ‘मला गणित येते पण गणिताचे तेलुगू येत नाही. वर्गात विचारले तर मुले हसतात. विहारात बोलायचे नाही. घरी मोठ्याने वाचले तर आई म्हणते, तोंड बंद, पुस्तक उघडं. पोशक्का एकटीच आहे जी मला सारखं विचारते.’

ते माझ्या सासऱ्याचं वाक्य हाये हो. चांगलं वाक्य हाये. सहा मास्तर निघाले त्या वाक्यातून. ते सगळे मराठीत शिकले ते खरं... त्यांले विचारायचं काही नव्हतं... नाई, असेलही, मले काय माहीत. मी तर कोणाले बोलूच दिलं नाई. दीड तास मी दोन रांगांमधून फिरते अन् ज्याचे ओठ हलले त्याच्या पाठीत बोट टोचते. तिच्याही टोचलं. सहामाहीनंतर, तिचे ओठ हलून राह्यले होते, तेलुगूत काही तरी, मी जोरात टोचलं. डिसेंबरच होता का तो? त्याच्यानंतरच नाई आली ती.

आता काय करू सांगा. आता जाऊ का हेडमास्तरांकडे? ते आदिलाबादले राह्यतात, शेवटची बस गेली. फोन करू? काय म्हणू, सर, शंका फिटली? कागद फाडा म्हणू? — तुमी म्हणता देऊ द्या तिले पेपर. देईल ती. चाळीसचे चाळीस घेईल, बोलायले शिकली ना ती. पण मॅडम, एक सांगते, तुमच्या पाया पडते, दरखास्त मी दिली हे तिले कळू देऊ नका. पेपर होऊ द्या, बासरचं होऊ द्या. मग मी सांगीन. माझ्या तोंडानं सांगीन, उत्तमराव नाई, तुझ्याच मायनं दिली होती. आज कळलं तर उद्या तिच्या हाताले पेन नाई धरवणार. ती तशी — बाहेर इतका गलका काऊन होऊन राह्यला? पोरं अजून खेळूनच राह्यली? टीव्हीही चालू हाये भागाबाईचा, सिरियल लागली. किती वाजले? तुमचा मोबाईल सुलटा करा, पाहा बरं — सात! सातले पाच कमी? घंटा... मायबाई. घंटा राह्यली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी बोलतच राह्यली, बोलतच राह्यली, तुमी तरी सांगायचं ना —

अर्पिता. तू कवा आली? घंटा नाई वाजली म्हणून पाहायले आली? — मले काही झालं का म्हणून? नाई, मले काही नाई झालं, या मॅडम... दाराआड कवाची उभी हायेस? — बोल ना. वही तुझी हाये, ठेवली, पाह्य, ठेवली खाली. किती ऐकलं? बोल की काही तरी, अर्पिता. — मॅडम, तुमी जा आता. जा. ते कागद घेऊन जा. इतर लिहा, काहीही लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अर्पितानं हेडमास्तरांपुढं बसून पेपर लिहिला, तिला चाळीसपैकी तेहतीस मार्क पडले, आणि ते सांगायला ती घराच्या आधी रोडवर पोशक्काकडे गेली.